वृषणाचा आकार आणि शुक्राणूंची गुणवत्ता : नाते किती आणि कुठवर

अंतःस्रावतज्ज्ञांच्या टेबलावर कधीकधी एक विचित्र माळ दिसते. दोरीत ओवलेले बारा अंडाकृती मणी, सर्वांत लहान १ मिलिलिटरचा, सर्वांत मोठा २५ मिलिलिटरचा, आणि प्रत्येकावर त्याचा आकडा. झुरिचचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी १९६६ मध्ये मांडलेली ही माळ वृषणाचे आकारमान मोजण्यासाठी आहे. डॉक्टर एका हाताने वृषण हलकेच चाचपतात, दुसऱ्या हाताने मणी चाचपत जातात आणि जो मणी जुळेल त्याचा आकडा नोंदवतात. मुलगा वयात येऊ लागला आहे की नाही हे ठरवताना ही माळ फार उपयोगी पडते, कारण ४ मिलिलिटरचा मणी जुळणे ही त्याची पहिली खूण मानली जाते आणि ती आवाज फुटण्याच्या किंवा मिसरूड येण्याच्या बरीच आधी दिसते. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या प्रौढ पुरुषासाठीही हीच माळ वापरली जाते. मात्र तिथे मिळालेल्या आकड्याचा अर्थ लावणे एवढे सरळ नसते.

वृषण जितके मोठे तितके बीज सकस, हा समज बराच पसरलेला आहे. तो निखालस खोटा नाही, म्हणूनच तो खोडून काढणे अवघड जाते. वृषणाच्या आकारमानाचा संबंध आहे तो प्रामुख्याने शुक्राणूंच्या संख्येशी. एकेक शुक्राणू किती चपळ आहे, त्याची घडण कशी आहे, त्याच्या डोक्यात बांधलेला डीएनए शाबूत आहे की नाही, या गोष्टींशी आकारमानाचे नाते फार सैल आहे. ‘गुणवत्ता’ या एकाच शब्दात आपण या चारही गोष्टी कोंबतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

हे नाते संख्येपुरतेच का, हे कळण्यासाठी वृषणाच्या आत डोकावावे लागते. वृषण हा भरीव गोळा वाटत असला तरी त्याची रचना दोऱ्याच्या गुंडीसारखी असते. पातळ पडद्यांनी त्याचे दोनशे-तीनशे लहान कप्पे केलेले असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक ते चार अतिशय बारीक नळ्या वेटोळे घालून बसलेल्या असतात. या शुक्रजनक नलिकांची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढी असते. पण एका वृषणातील सर्व नलिका उलगडून सलग मांडल्या तर त्यांची लांबी काही शे मीटर भरेल. वृषणाच्या एकूण आकारमानाचा ७० ते ८० टक्के भाग या नलिकांनीच व्यापलेला असतो. म्हणजे गुंडीचा आकार हा मुख्यतः दोऱ्याचाच आकार आहे. दोरा लांब आणि भरदार असेल तर गुंडी मोठी होईल. दोरा आतून रिकामा पडला, बारीक झाला किंवा त्याच्या जागी तंतुमय ऊती साचल्या, तर गुंडी आकसेल. आकारमानावरून शुक्राणूनिर्मितीचा अंदाज बांधण्याला जो काही शास्त्रीय आधार आहे, तो हा.

नलिकेच्या आतल्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात. एक, ज्यांच्यापासून शुक्राणू तयार होतात त्या बीजपेशी. आणि दुसऱ्या, त्यांना आधार देणाऱ्या, पोसणाऱ्या सर्टोली पेशी, ज्यांचे वर्णन इटलीतील एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये केले. एक सर्टोली पेशी ठरावीक संख्येपलीकडे बीजपेशी सांभाळू शकत नाही. त्यामुळे माणसाच्या अंगी दिवसाला किती शुक्राणू तयार करण्याची कुवत आहे, हे बऱ्याच अंशी त्याच्याकडे सर्टोली पेशी किती आहेत यावर ठरते. आणि या पेशींची संख्या गर्भावस्थेत, बालपणी व वयात येण्याच्या काळात वाढून जवळपास कायमची ठरून जाते. प्रौढपणी कोणतेही तेल, चूर्ण किंवा व्यायाम ती वाढवू शकत नाही. वृषण ‘मोठे करून देणाऱ्या’ जाहिरातींकडे या एका गोष्टीच्या उजेडात पाहिले तरी पुष्कळ पैसे वाचतील.

नलिकांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक त्या बनवतात. त्यांनी व्यापलेली जागा अगदी थोडी असते. म्हणून नलिकांची हानी होऊन वृषण लहान झाले तरी टेस्टोस्टेरॉन पुष्कळदा ठीकठाक राहते. दाढीमिशा, आवाज, स्नायू, कामेच्छा यांत काहीही उणे दिसत नाही आणि तरीही वीर्यात शुक्राणू मोजकेच सापडतात. याच्या उलट, भरदार वृषण म्हणजे अधिक ‘मर्दानी’ संप्रेरक, असेही गणित नाही.

वीर्याच्या प्रमाणाबद्दलचा गैरसमजही इथेच दूर करणे बरे. बाहेर पडणाऱ्या वीर्यातील बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो. वृषणातून येणारा भाग पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे वीर्य कमी किंवा जास्त येण्यावरून वृषणाबद्दल काही ठरवता येत नाही. नसबंदी केलेल्या पुरुषाच्या वीर्याचे प्रमाण नजरेला पूर्वीइतकेच दिसते, ते यामुळेच.

आता मोजमाप. प्रौढ पुरुषाचे एक वृषण साधारण ४ ते ५ सेंटिमीटर लांब असते आणि त्याचे आकारमान बहुतेकांमध्ये १५ ते २५ मिलिलिटरच्या दरम्यान भरते. १२ मिलिलिटरच्या खाली असेल तर ते लहान समजून पुढील तपासण्या करण्याचा प्रघात आहे. दोन्ही वृषणे तंतोतंत सारखी नसतात. डावे सहसा थोडे खाली लोंबते आणि उजवे बऱ्याचदा किंचित मोठे असते. माळेने केलेले मोजमाप त्वचा आणि अधिवृषणही (वृषणाला मागून चिकटलेली, शुक्राणू साठवणारी वेटोळी नळी) हाताला लागत असल्यामुळे प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्त येते. सोनोग्राफीत लांबी, रुंदी व उंची मोजून त्यांच्या गुणाकाराला ०.७१ ने गुणतात; काही ठिकाणी ०.५२ हा गुणक वापरतात. एकच वृषण, तीच मापे, पण गुणक वेगळा असेल तर उत्तरात एक तृतीयांशाहून अधिक फरक पडू शकतो. तेव्हा दोन वेगवेगळ्या केंद्रांतील अहवाल शेजारी ठेवून ‘वृषण आकसले’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी सूत्र कोणते वापरले आहे, हे विचारलेले बरे.

लोक ज्याला आकार म्हणतात तो पुष्कळदा वृषणाचा नसून बाहेरील पिशवीचा, म्हणजे वृषणकोशाचा असतो. ती पिशवी थंडीत आखडते, उष्णतेत सैल होते, कारण शुक्राणूनिर्मितीला शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते आणि ते राखणे हे तिचे काम आहे. पिशवीत पाणी साचले, म्हणजे हायड्रोसील झाले, की ती मोठी दिसते. आतले वृषण मात्र तेवढेच असते, क्वचित दबावाने लहानही झालेले असते.

आकारमान आणि शुक्राणू यांची सांगड तपासणारी पाहणी अनेक देशांत झाली आहे, आणि सर्वसाधारण चित्र एकाच दिशेचे आहे. दोन्ही वृषणांचे मिळून आकारमान जितके कमी, तितकी वीर्यातील शुक्राणूंची एकूण संख्या आणि घनता सरासरीने कमी. चलनशक्ती आणि आकार-रचनेच्या बाबतीत हा कल क्षीण होतो. ‘सरासरीने’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. शंभर पुरुषांचा कल पाहिला तर तो स्पष्ट दिसतो, पण त्यांतील एका पुरुषाला बाजूला घेऊन केवळ मण्याच्या आकड्यावरून त्याची शुक्राणूसंख्या सांगायला गेलो तर वारंवार चूक होईल. १३ मिलिलिटरची वृषणे असलेला एखादा सहज बाप होतो आणि २२ मिलिलिटरवाल्याच्या वीर्यात एकही शुक्राणू सापडत नाही, अशी उदाहरणे वंध्यत्वाच्या तपासण्या करणाऱ्या डॉक्टरांना नवी नाहीत.

ही दुसऱ्या टोकाची उदाहरणे मला जास्त बोलकी वाटतात. वृषण उत्तम, निर्मितीही उत्तम, पण बाहेर येण्याची वाटच बंद, असे काही पुरुषांत घडते. संसर्गानंतर अधिवृषणात अडथळा निर्माण होतो, किंवा शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. या जन्मजात अभावामागे पुष्कळदा सीएफटीआर या जनुकातील दोष असतो. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराला कारण ठरणारे जनुक तेच. अशा वेळी वृषण भरदार, रक्तातील एफएसएच या संप्रेरकाची पातळी सामान्य आणि वीर्यात शुक्राणू शून्य, असा संच दिसतो. निर्मितीच थंडावलेली असेल तर चित्र उलटे असते. मेंदूतळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी सर्टोली पेशींना कामाला लावण्यासाठी एफएसएच सोडते. सर्टोली पेशी इनहिबिन-बी या संप्रेरकाद्वारे ‘काम चालू आहे’ असा निरोप परत पाठवतात. निरोप आला नाही की ग्रंथी एफएसएच वाढवत जाते. त्यामुळे लहान वृषण आणि चढे एफएसएच ही जोडी निर्मितीतील बिघाडाकडे बोट दाखवते. शुक्राणू शून्य असताना बिघाड कारखान्यात आहे की रस्त्यात, हे ओळखण्यासाठी आकारमान सर्वांत कामाला येते ते इथे. तरीही पूर्ण खात्री नाहीच. काही पुरुषांत बीजपेशींची वाढ अर्ध्या वाटेवर थांबते. नलिका अर्धवट पेशींनी भरलेल्या असल्यामुळे वृषण नेहमीएवढे, एफएसएच नेहमीएवढे, आणि पूर्ण वाढलेला शुक्राणू मात्र एकही नाही.

लहान वृषणांच्या बाजूला क्लाइनफेल्टर सिंड्रोम हे ठळक उदाहरण आहे. हॅरी क्लाइनफेल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये वर्णिलेल्या या अवस्थेत पुरुषाच्या पेशींत एक्स गुणसूत्र एक जास्त असते. साधारण सहाशे-सातशे पुरुषांमागे एकात ती आढळते आणि पुष्कळांना ती मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळते. वृषणे लहान आणि टणक, बहुधा ५ मिलिलिटरहूनही कमी. आकारमानालाच शेवटचा शब्द मानले असते तर या पुरुषांना फार पूर्वीच नकार कळवून विषय संपला असता. प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शकाखाली नलिका निवडून काढण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या वृषणात तुरळक ठिकाणी शुक्राणू सापडतात, आणि १९९२ पासून प्रचारात आलेल्या इक्सी तंत्रात, म्हणजे शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडण्याच्या पद्धतीत, एका बीजांडासाठी एकच शुक्राणू पुरतो. त्या तंत्राने क्लाइनफेल्टर असलेले पुरुष स्वतःच्या मुलांचे बाप झाले आहेत.

मूळचा आकार आणि नंतर कमी झालेला आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते दुसरीकडे अधिक लक्ष द्यायला हवे. एखाद्याची वृषणे पहिल्यापासून १४ मिलिलिटरची असतील तर ती त्याची ठेवण असू शकते. २० ची १४ झाली असतील तर आत काहीतरी घडले आहे.

असे घडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे व्हेरिकोसील, अर्थात वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगणे. सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये आणि वंध्यत्वाच्या तपासणीला येणाऱ्यांपैकी ३५ ते ४० टक्क्यांमध्ये ते आढळते. डाव्या बाजूची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे ते बहुधा डावीकडेच होते. रक्त तुंबल्याने तापमान वाढते आणि डावे वृषण हळूहळू मागे पडते. वाढत्या वयाच्या मुलात दोन बाजूंमधला फरक २० टक्क्यांहून अधिक झाला तर शस्त्रक्रियेचा विचार केला जातो, आणि त्यानंतर मागे पडलेले वृषण बऱ्याच मुलांत पुन्हा वाढ धरते. वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडात १५ ते ३० टक्के पुरुषांच्या वृषणाला सूज येते. सूज ओसरल्यावर ते वृषण आकसू शकते, मात्र सहसा एकाच बाजूला, त्यामुळे संपूर्ण वंध्यत्व क्वचितच येते. जन्मानंतर वृषण खाली न उतरणे हेही मोठे कारण आहे. ते उतरवण्याची शस्त्रक्रिया साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करावी, असा आता सर्वत्र आग्रह असतो.

आणखी एक कारण पुरुष स्वतःच ओढवून घेतात, आणि त्यात एक क्रूर विनोद दडलेला आहे. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी जी टेस्टोस्टेरॉनची किंवा तत्सम ॲनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली जातात, ती वृषणाला लहान करतात. शुक्राणूनिर्मितीला वृषणाच्या आत रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त टेस्टोस्टेरॉन लागते, आणि ते लायडिग पेशींनी जागच्या जागी बनवावे लागते. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की मेंदूचा समज होतो की पुरवठा मुबलक आहे. तो एलएच (लायडिग पेशींना कामाला लावणारे संप्रेरक) आणि एफएसएच हे दोन्ही आदेश थांबवतो, लायडिग पेशी स्वस्थ बसतात, नलिका रिकाम्या होत जातात आणि गुंडी आकसते. बाहेरून दंड फुगत असताना शुक्राणूंची संख्या शून्यावर येऊ शकते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधकाच्या चाचण्यांत टेस्टोस्टेरॉनच वापरून पाहिले गेले. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांची निर्मिती पूर्ववत होते, पण त्याला काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो. थकवा किंवा कामेच्छा कमी झाल्याच्या तक्रारीवर टेस्टोस्टेरॉन सुचवले गेले आणि मूल हवे असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगणे आवश्यक आहे.

आकाराच्या चर्चेत माकडांचा दाखला हमखास दिला जातो, म्हणून त्याबद्दलही थोडे. सुमारे ४५ किलो वजनाच्या चिंपांझीच्या दोन्ही वृषणांचे मिळून वजन १२० ग्रॅमच्या आसपास असते, तर त्याच्या तिप्पट-चौपट वजनाच्या गोरिलाच्या वृषणांचे जेमतेम ३० ग्रॅम. माणूस ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शरीराच्या मानाने दोघांच्या मधे. एका मादीशी अनेक नर संबंध ठेवतात अशा चिंपांझींच्या टोळीत ज्याचे शुक्राणू जास्त त्याची संतती जास्त. गोरिलाच्या कळपात एकच नर सत्ता गाजवतो, त्याला ती स्पर्धा नसते. हा युक्तिवाद प्रजाती-प्रजातींमधील, लाखो वर्षांत घडलेल्या फरकाबद्दल आहे. त्यावरून एका पुरुषाची दुसऱ्या पुरुषाशी तुलना करणे म्हणजे त्याचा भलताच उपयोग करणे होय.

वृषण मोठे असणे नेहमी चांगलेच, असेही नाही. फ्रॅजाइल एक्स या जनुकीय विकारात वयात आल्यानंतर वृषणे नेहमीपेक्षा बरीच मोठी होतात. एकच वृषण वाढत जात असेल, हाताला टणक गाठ लागत असेल आणि दुखत नसेल, तर ते दुखत नाही म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे; वृषणाचा कर्करोग १५ ते ४० या तरुण वयातच अधिक आढळतो आणि लवकर कळल्यास तो बहुतांश वेळा बरा होतो. अचानक तीव्र वेदना होऊन वृषण वर ओढले गेले, तर त्याला पीळ पडल्याची शक्यता असते. रक्तपुरवठा तुटलेले वृषण वाचवण्यासाठी साधारण सहा तासच हाताशी असतात, त्यामुळे तिथे सकाळची वाट पाहू नये.

मूल होण्याच्या क्षमतेबद्दल खरी माहिती हवी असेल तर वीर्यतपासणीला पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणी पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीनुसार खालच्या मर्यादा अशा : वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य घडणीचे ४ टक्के. शेवटचा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो, पण शंभरांतील शहाण्णव शुक्राणू वेडेवाकडे असणारा पुरुषही या मोजपट्टीवर बसतो. या मर्यादा म्हणजे उत्तीर्ण-अनुत्तीर्णची रेघ नव्हे. ज्यांच्या जोडीदाराला बारा महिन्यांच्या आत गर्भधारणा झाली अशा पुरुषांपैकी सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचे आकडे कुठे संपतात, एवढेच त्या सांगतात. म्हणजे त्याखालचे पाच टक्केही बाप झालेलेच आहेत.

तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेले नसावे, आणि एकाच अहवालावर निर्णय घेऊ नये, कारण त्याच पुरुषाचे आकडे आठवड्यागणिक बरेच वरखाली होतात. बीजपेशीपासून शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यानंतर तो अधिवृषणातून पुढे सरकण्यात आणखी काही दिवस घालवतो. आज बाहेर पडलेला शुक्राणू अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या ज्वराची, औषधाची किंवा उष्णतेची खूण घेऊन आलेला असतो. त्यामुळे स्टेरॉइड थांबवल्यावर किंवा व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया झाल्यावर पुढच्याच महिन्यात अहवाल करून घेतला तर तो बहुधा जुन्याच परिस्थितीचा असतो; पहिली खरी तुलना तीन महिन्यांनंतरच्या नमुन्याशी करायची असते.